अण्णांचं मशीन, आईची रिळं

प्रश्न : मी ५१ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरीला आहे. माझे वडील, अण्णा, गेल्या मार्गशीर्षात गेले. पंचवटीतला आमचा वाडा आता पाडायचा आहे. माळा रिकामा करताना अण्णांचा ८ एमएमचा, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्म दाखवणारा, प्रोजेक्टर सापडला. युमिग कंपनीचा आहे, मागच्या पट्टीवर १२ व्होल्ट, १०० वॉट असं लिहिलंय. अण्णांच्या मावसभावाने तो १९६७ साली आफ्रिकेतून येताना आणला होता. सोबत पिवळ्या खोक्यांत नऊ छोटी रिळं आहेत, प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात काही ना काही लिहिलेलं. एका खोक्याला आंबट वास येतो. आई ७९ वर्षांची आहे. तिचं एकच म्हणणं, "वर्षश्राद्धाच्या आधी एकदा लावून दाखव गं." दादा म्हणतो, कॉलेज रोडचा एक कॅफेवाला शोभेसाठी म्हणून आठ हजार देतोय, देऊन टाकू. मी प्रोजेक्टर पुसायला घेतला आणि मलाच त्याचं वेड लागलं. दोन महिन्यांत आणखी दोन घेतले, एक अंबडच्या भंगारवाल्याकडून १६ एमएमचा, दुसरा ऑनलाइन. दोन्ही बंद आहेत. घरात सगळे माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलेत. सुरुवात कुठून करू? आणि हे वेड बरं की वाईट?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, हे वाचून झालं की पहिलं काम करा. प्रोजेक्टरची वायर काढून कपाटात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा की मी म्हणेपर्यंत कोणी हा चालू करायचा नाही. दुसरं काम, आंबट वासाचं खोकं बाकीच्या आठांपासून वेगळं करा, शक्यतो दुसऱ्या खोलीत. बाकी सगळं सावकाश करता येईल.

इतक्या घाईने का सांगतोय, ते माझ्या घरच्या गोष्टीवरून कळेल. आमच्याकडेही असाच एक प्रोजेक्टर होता आणि आजीचं एकच रीळ होतं. मशीन दुरुस्त झालं त्या संध्याकाळी मला धीर धरवला नाही. कुठलीतरी फालतू फिल्म लावून तपासायचं सोडून मी थेट आजीचं रीळ लावलं. परसदारी आजी तुळशीला पाणी घालतेय, कोणीतरी हाक मारतं आणि ती वळून बघते, असं ते दृश्य. ती वळली आणि पट्टा सरकला. फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या फटीत, थांबली, दिवा मात्र पेटलेलाच. पडद्यावर आजीच्या गालावर एक तपकिरी फोड आली, ती पसरली आणि मधोमध पांढरं भोक पडलं. मी घाबरून पुढचं रीळ हाताने ओढलं, त्यात आणखी अडीच फूट फिल्मची भोकं फाटली. जुन्या ८ एमएमच्या एका फुटात ८० चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, असतात आणि सेकंदाला १६ चौकटी सरकतात. म्हणजे माझ्या अधीरपणात साडेबारा सेकंद गेले. माझ्याकडे असलेली चालती-बोलती आजी तेवढीच होती.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एका ओळीचं आहे. सुरुवात रिळांपासून करा, मशीन नंतर. घरची रिळं कधीही चाचणीला वापरू नका.

तर रिळांकडे या. खिडकीतल्या उजेडात पांढरा कागद ठेवा, हात धुऊन कोरडे करा आणि एकेका रिळाची सुरुवातीची वीतभर फिल्म कडांना धरून उलगडा. आधी भोकं बघा. भोक दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर आणि चांगलं ठसठशीत असेल, तर ते जुनं ८ एमएम, कोडॅकने १९३२ साली आणलेलं. भोक लहान आणि चित्राच्या बरोबर मध्यावर असेल, तर ते सुपर ८, हे १९६५ नंतरचं. सुपर ८ च्या रिळाचं मधलं भोकही मोठं असतं, बोटाला लगेच कळतं. हे बघायचं कारण असं की तुमचा प्रोजेक्टर बहुधा फक्त जुन्या ८ एमएमचा असेल. अण्णांनी नंतरच्या काळात कुणाकडून सुपर ८ वर काही काढून घेतलं असेल आणि ते या मशीनमध्ये गेलं, तर फिल्म खेचणारं नख दर चौकटीला भलत्याच जागी टोचणार आणि सगळी कड करवतीसारखी होणार. दोन्ही प्रकारांची रुंदी सारखीच असल्यामुळे ही चूक जाणकारांकडूनही होते.

आता आंबट वास. ही फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. जागा उबदार आणि दमट असेल तर ॲसिटेट हळूहळू फुटतं आणि त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं. तेच आम्ल पुढची फूट आणखी वेगाने करतं, आणि बंद पेटीत शेजारच्या रिळांनाही लागतं. तुमच्या वाड्याचा माळा डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि हे पन्नासेक वर्षं. नऊपैकी एकच रीळ आंबलंय, याला मी नशीब म्हणेन. आंबलेलं रीळ पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, फक्त त्याचा वेग कमी करता येतो. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, वाफ आतच राहते. पुठ्ठ्याच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला.

अशी फिल्म आकसते. किती आकसली ते घरी मोजता येतं, त्यासाठी एक स्टीलची पट्टी पुरे. जुन्या ८ एमएमच्या पहिल्या भोकाच्या कडेपासून एकशे एकाव्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत नव्या फिल्मचं अंतर ३८१ मिलिमीटर भरतं. तुमचं ३७७ किंवा त्याहून कमी भरलं, तर फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली आहे. ती कुठल्याही प्रोजेक्टरमध्ये घालायची नाही, मशीन कितीही चांगलं असो. ती फक्त स्कॅन होईल, आणि तीही भोकांना न खेचता रबरी रोलरवरून फिल्म नेणाऱ्या स्कॅनरवर.

नऊच्या नऊ रिळं स्कॅन करून घ्या, मशीन चालू होण्याच्या आधी. मुंबई-पुण्यात हे काम करणारे आहेत. विचारताना एवढंच विचारा : प्रत्येक चौकट वेगळी टिपता का, आणि मूळ फाईल देता का? पडद्यावर लावून समोरून मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने शूट करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. कुरिअरने पाठवू नका. सकाळची मुंबईची पंचवटी एक्सप्रेस पकडा, पिशवी मांडीवर ठेवा आणि स्वतः देऊन या. स्टेशनवरच्या एक्स-रेची काळजी नको, धुऊन झालेल्या फिल्मला त्याने काही होत नाही. पिवळ्या खोक्यातलं रंगीत रीळ कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, निघालं, तर रंग बघून तुम्हीच थक्क व्हाल. अंधारात राहिलेलं कोडाक्रोम कित्येक दशकं टवटवीत राहतं.

हे मी नाशिककरांना विशेष आग्रहाने सांगतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच वारले. त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी इथलीच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आपण मुलांना घेऊन तिथे जातो. पण त्यांनी काढलेल्या चित्रपटांमधलं आज पाहायला मिळतं ते अगदी थोडं, काही तर नुसते तुकडे. त्या काळची नायट्रेट फिल्म जळायची, कुजायची आणि दुसरी प्रत कुणाकडे नसायची. तुमची रिळं ॲसिटेटच्या सेफ्टी फिल्मवर आहेत, ती भडकणार नाहीत. पण प्रत एकच आहे, हे तुमच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

आता मशीन. इथे मात्र मी थोडा रमणार आहे.

माळ्यावरून काढलेल्या प्रोजेक्टरला वीज ही शेवटची गोष्ट. आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मग बाजूचं झाकण उघडून पट्टा बघा. रबरी पट्टा असेल तर बहुतेक त्याचा डांबरासारखा चिकट गोळा झालेला असतो. तो कपड्यांना लागू देऊ नका, निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुलीच्या खाचा स्वच्छ होतात. हे अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. नव्या पट्ट्यासाठी जुन्याच्या लांबीचा अंदाज दोऱ्याने घ्या आणि सातपूर-अंबडकडे हायड्रॉलिकचे ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, विकणाऱ्याकडे जा. पट्टा किंचित सैल चालेल, ताठ नको. ताठ पट्टा मोटरचं बुश खातो. काही मशीनमध्ये पट्ट्याऐवजी रबरी कडेचं चाक असतं. मशीन गिअरमध्ये ठेवून कोणी वर्षानुवर्षं विसरलं, तर त्या रबराला खळी पडते आणि चालताना दर फेरीला टक् टक् ठोका येतो. असं असेल तर नवं रबर चढवावं लागतं, घासून भागत नाही.

मग मशीन हाताने फिरवा. फिरवायची गुंडी असते, ती सावकाश फिरवा आणि गेटमध्ये नख खाली जाताना, मागे जाताना, पुन्हा वर येताना बघा. ही हालचाल पाहून मला अजूनही आनंद होतो. नख फिल्म खेचत असतं तेव्हा शटरचं पातं उजेडाच्या आड येतं आणि फिल्म स्थिर झाली की पातं बाजूला होतं. तीन पात्यांचं शटर असेल, तर सेकंदाच्या १६ चौकटींवर उजेड ४८ वेळा पडतो, म्हणून डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. गुंडी जड लागली तर जोर करू नका. आत जुनं ग्रीस मेणासारखं थिजलंय. ते अल्कोहोलने काढून दात्यांवर थोडं लिथियम ग्रीस, आणि बेअरिंगच्या तेलाच्या भोकात, नमद्याच्या तुकड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब. गंजावर फवारायचा जो स्प्रे घराघरात असतो तो इथे वापरू नका. तो सुरुवातीला मोकळं करतो, मग उरलंसुरलं तेल धुऊन टाकतो, आणि उडालेला थेंब फिल्मच्या वाटेवर बसतो.

गेट सगळ्यात जपून. दोन पट्ट्यांमधून फिल्म जाते, तिथे जुन्या फिल्मचा थर कातडीसारखा कडक झालेला असतो. कण बारीक दिसतो, पण तोच प्रत्येक चौकटीवर उभी रेघ ओढतो. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा इथे तयार होतात. आइस्क्रीमच्या लाकडी काडीचं टोक ओलं करून तो थर हलके काढा. सुई, ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. एकदा गेटला ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक रिळाला त्याची शिक्षा.

आता वीज. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा आणि सिरीज बोर्ड घेऊन ये म्हणावं. मशीनच्या मालिकेत १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावून प्लग घालायचा. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे जायचं. त्याआधी मागची व्होल्टेजची खूण २२० किंवा २४० वर आहे ना, ते दोघांनी मिळून वाचा. जुनी वायर हाताने वाकवून बघा. रबर तडकत असेल तर बदलाच, आणि धातूच्या अंगाला अर्थिंग द्या. आत कागदी कपॅसिटर असेल तर तोही आधीच बदला. जुना कपॅसिटर काही मिनिटं चालतो आणि मग खोलीभर धूर करतो.

दिव्याचं गणित लक्षात ठेवा. १०० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे आठ अँपियरच्या वर. एवढा करंट जातो त्या होल्डरचे संपर्क काळे पडले असतील तर तेच तापतात, दिवा मंद होतो आणि लोकांना वाटतं बल्ब गेला. आधी संपर्क बारीक पॉलिशपेपरने चमकवा. बल्ब खरंच गेला असेल तर जुना बल्ब सोबत घेऊन मुंबईला लोहार चाळीत विचारा. बूड आणि आतल्या तारेची उंची दोन्ही जुळायला हवी, वॉट जुळून पुरत नाही. तार एक-दोन मिलिमीटर वरखाली झाली तरी पडद्याचा एक कोपरा काळा राहतो.

मशीन सुरू झालं की फिल्मशिवाय २० मिनिटं चालवा. पंखा फिरतोय ना, हात लावून बघा. नेहमी मोटर आधी, दिवा नंतर, आणि बंद करताना दिवा आधी. मग टाकाऊ फिल्म. मुंबईच्या चोरबाजारात परदेशी सहलीची, कार्टूनची जुनी ८ एमएम रिळं मिळतात, त्यातलं एखादं घ्या. ते दहा वेळा फिरवा आणि फिल्म दर वेळी उजेडात धरून कडा आणि पाठ तपासा. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा लूप सोडायला विसरू नका. नख धक्क्याधक्क्याने खेचतं आणि रीळ सरळ फिरतं, मधला लूपच तो धक्का पचवतो. दहाव्या वेळी एकही नवा ओरखडा नसेल, तर मशीन आईसमोर न्यायच्या लायकीचं झालं.

वेडाबद्दल विचारलंत. ताई, हे वेड चांगलं आहे. माणूस मागे उरलेल्या वस्तू नुसत्या कुरवाळत बसण्यापेक्षा त्या चालत्या करायला बघतो, यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त दोन महिन्यांत दोन, हा वेग सांभाळा. अण्णा गेल्याला वर्षही झालेलं नाही आणि त्यांच्यासारख्या वस्तू तुम्ही घरी आणताय. घरचे कदाचित मशीनकडे बघत नसतील, तुमच्याकडे काळजीने बघत असतील. त्यांच्याशी एकदा हे मोकळेपणाने बोला. तोवर नवी खरेदी नको. ऑनलाइन आलेलं मशीन अण्णांच्या मशीनला सुटे भाग देऊ शकतं का, ते बघा. १६ एमएमचं मशीन तर तुम्ही कशासाठी घेतलं? दाखवायला १६ एमएमचं एकही रीळ तुमच्याकडे नाही. तरी ठेवायचंच असेल तर गिअर तपासा. त्या आकाराच्या एका खूप खपलेल्या पिढीत प्लॅस्टिकचा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, आहे, तो वयाने तडकतो आणि मशीन नुसतं घूं करत बसतं. नाशिकला त्याची भीती नको. जिथे गाड्यांचे सुटे भाग रात्रंदिवस कातले जातात, तिथे पितळेचा एक गिअर कातून देणारा लेथवाला मिळेलच. पण ते पुढच्या वर्षीचं काम. पुढे कधी घेतलंत तर भिंग जागेवर आहे का, गुंडी हाताने फिरते का आणि त्याचा बल्ब अजून मिळतो का, ही तीन उत्तरं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

दादाचं म्हणाल, तर त्याच्यावर राग धरू नका. वाडा पाडायचा म्हणजे शंभर गोष्टींचा निकाल लावायचा असतो आणि तो एकेक निकाल लावतोय. पण हे मशीन ना त्याचं आहे, ना तुमचं. ते आईचं आहे. दोघांनी तिच्यासमोर बसा आणि तिलाच विचारा. कॅफेच्या फळीवर गेलं की त्यातलं भिंग आणि बल्ब कोणीतरी काढून नेतो, उरतं ते नुसतं खोकं. मी अशी तीन तरी पाहिली आहेत. आठ हजारांची अडचण असेल तर ते तुम्ही दादाला द्या आणि विषय मिटवा.

राहिला मार्गशीर्ष. तोवर स्कॅन नक्की होईल, मशीन होईलच असं नाही. तारखेसाठी मशीनला घाई करू नका. नाही झालं तर टीव्हीवर फाईल लावा आणि आईला खरं काय ते सांगा, ती समजून घेईल. झालं तर स्कॅन झालेल्या, न आकसलेल्या रिळांतलं एकच निवडा, आईला विचारून. घरच्या ८ एमएमवर सहसा आवाज नसतो, त्यामुळे खोलीत मशीनचा आवाज असेल आणि माणसांचा असेल. आई मागते आहे ते बहुधा हेच. टीव्हीवर चित्र मिळेल, पण तापलेल्या धुळीचा वास आणि ती खडखड मिळणार नाही.

भिंतीवर पांढरी सुती चादर ताणून लावा, सुरकुती नको. २० मिलिमीटरचं भिंग असेल तर तेरा-चौदा फुटांवरून तीन फूट रुंद चित्र पडेल. १०० वॉटच्या दिव्याला त्याहून मोठं झेपत नाही. काळोख पूर्ण करा, देव्हाऱ्यातलं निरांजन तेवढं राहू द्या. आईची खुर्ची मशीनच्या पुढे, एका बाजूला, चादरीपासून सहा-सात फुटांवर. पन्नास फुटांचं रीळ चार मिनिटांत संपतं, तेव्हा तिला आधीच सांगा म्हणजे ती पापणी लववणार नाही. आणि तिच्या शेजारी मोबाइल उलटा ठेवून आवाज रेकॉर्ड करायला लावा. चादरीवरच्या माणसांची नावं आज फक्त तिलाच माहीत आहेत. ती एकेकाला ओळखून बोलायला लागेल, ते सगळं साठवा आणि त्या फाईलला खोक्यावर अण्णांनी लिहिलंय तेच नाव द्या.